चोवीस दारं आणि दोनदा मोजलेली मावशी

मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे. जुनी आहे, बहिरी नाही. बटण एकदा दाबलं की मला कळतं. तरी तुम्ही ते टोचत राहता, मग पाय आपटता, मग जाळीतून वर बघून सुस्कारा सोडता. त्याने मी लवकर येत नाही. माणसांबद्दल माझं मत फारसं बरं का नाही असं कुणी विचारलं, तर सुरुवात मला या बटणापासूनच करावी लागेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे माझे पत्रे कापले, सरकतं जाळीचं दार जोडलं आणि आतल्या बाजूला एक पितळी पट्टी ठोकली : 'फक्त चार माणसे'. पट्टी ठोकणाऱ्याला वाटलं असेल की माणसांना चारपर्यंत मोजता येतं. बिचारा. मी इथे आले त्या दिवसापासून पाच जण आत शिरतात आणि पाचवा म्हणतो, मी बारीक आहे. कडेवरचं मूल तर कुणी माणसांत धरतच नाही. नेमकं मोजायची वेळ आली की तुमची जात कशी वागते, हे मी अगदी आतून पाहिलेलं आहे.

आमची इमारत म्हणजे तळमजला आणि वर पाच मजले. प्रत्येक मजल्यावर चार घरं, म्हणजे एकूण चोवीस दारं. मी नवी होते तेव्हा माझं फार कौतुक झालं. पाहुण्यांना आधी मला दाखवायचे आणि मग घर. माझ्यात एका स्टुलावर लिफ्टमन बसायचा. तो कमी बोलायचा, ही त्याची पहिली चांगली गोष्ट. दुसरी अशी, की तो तेलाचा डबा घेऊन माझ्या टपावर चढायचा आणि मी ज्या लोखंडी रुळांना धरून वरखाली करते, त्या रुळांना तळापासून पार शेंड्यापर्यंत तेल द्यायचा. पुढे तो म्हातारा होऊन गावी गेला. बटण दाबायला माणूस कशाला हवा, असं म्हणून कमिटीने दुसरा नेमला नाही. त्यानंतर जे कुणी तेल द्यायला आले त्यांनी खाली उभं राहून हात पोचेल तेवढ्याच रुळांवर ते फासलं, सही ठोकली आणि चहा पिऊन गेले. वरचे रूळ कोरडे पडत गेले. तिसऱ्या मजल्याच्या वर गेले की मी किंचित कलू लागले. कलले की थांबताना गचका बसतो, आणि कलून थांबले की दार अडतं. आजार एक, लक्षणं दोन. पण हे समजून घ्यायला टपावर चढावं लागतं, आणि तेवढी तसदी घेईल असा एकही महाभाग या इमारतीत नव्हता.

आता ज्यांच्यासाठी ही हकीकत सांगायची, त्या दोन बहिणींची ओळख करून देते. धाकटी पाचव्या मजल्यावर राहते. तिला सगळे मावशी म्हणतात. तिचे गुडघे पार गेलेत, त्यामुळे जिना तिच्यासाठी नसल्यातच जमा. थोरली, म्हणजे ताई, तळमजल्यावर माझ्या अगदी समोरच्या घरात लेकासुनेबरोबर राहते. ती घसरून पडली तेव्हापासून पलंगावर आहे, आणि फार तर चाकांच्या खुर्चीत बसवता येते. रोज दुपारी मावशी माझ्यातून खाली उतरते, ताईची वेणी घालते, मग दोघी पत्ते खेळतात आणि भांडतात. संध्याकाळी मावशी फुरंगटून वर जाते आणि दुसऱ्या दुपारी परत येते. ताईला कुणी वर मात्र नेत नसे. चाकांची खुर्ची, त्यात माझा गचका, त्यात अडलेलं दार. मावशीने तसं काही करायला साफ नकार दिला होता. त्यामुळे धाकट्या बहिणीचं घर थोरलीने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. ती मला 'खटारा' म्हणायची. जिने इतक्या वर्षांत माझ्यात पाऊल ठेवलं नाही, तिने मला नावं ठेवावीत याची मला चीड यायची.

ताई पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिचं दार दिवसभर उघडं असतं, कारण तिला इमारतीतलं सगळं ऐकायचं असतं.

तिसऱ्या मजल्यावर एक सर गणिताचा क्लास चालवतात. त्यांची मुलं माझ्यातून येता-जाता पाठांतर करतात, त्यामुळे मला जेवढं गणित येतं तेवढं कुठल्याही लिफ्टला येत नसेल. वर्गात इतक्यांना पोहता येतं, इतक्यांना सायकल येते, एक मूल डोळे मिटून निवडलं तर त्याला दोन्हींपैकी काहीतरी येत असण्याची संभाव्यता किती, अशी ती उदाहरणं. एकदा एका मुलीने माझ्या पत्र्यावरच्या धुळीत बोटाने दोन वर्तुळं काढली, एकमेकांत शिरलेली. एक पोहणाऱ्यांचं, एक सायकलवाल्यांचं. मधल्या तुकड्यात ज्यांना दोन्ही येतं ते. दोन्ही वर्तुळं मोजली की मधला तुकडा दोनदा मोजला जातो, म्हणून तो एकदा वजा करायचा. हे तिला छान समजलं होतं. माझ्यावरची धूळ पुसायचं मात्र तिलाही सुचलं नाही. सर मागेच उभे होते. तिने विचारलं, "सर, मधल्या तुकड्यात किती मुलं आहेत ते दिलंच नसेल तर?"

सर घड्याळाकडे बघत म्हणाले, "दिलं नसेल तर गुणाकार करून काढायचं. पुढचं उदाहरण घे."

मी तेव्हाच मनात म्हटलं, हे प्रकरण एक दिवस कुणाच्या तरी गळ्याशी येणार.

ते आणलं आमच्या सेक्रेटरींनी. हे गृहस्थ पहिल्या मजल्यावर राहतात आणि मला फक्त पाहुण्यांसमोर वापरतात. त्यांच्या मेहुण्याच्या इमारतीत काचेची लिफ्ट बसली होती. तिच्यात आरसा होता आणि एक बाई मजल्याचा आकडा गोड आवाजात सांगायची. तेव्हापासून सेक्रेटरी माझ्याकडे असे बघायचे, जसं काही मी त्यांच्या सासरच्या माणसांसमोर शिंकले होते. पण मला हटवणं सोपं नव्हतं. इमारतीचा नियम असा : दोन तृतीयांश घरांना लिफ्टचा त्रास असेल तरच ती काढून नवी बसवायची, नाहीतर आहे तीच दुरुस्त करायची. चोवीसचे दोन तृतीयांश म्हणजे सोळा घरं. आणि नवी यायची तर आधी जुनी काढून टाकायची. मग खोदकाम, मग परवानग्या, मग वर्षभरात कधीतरी नवी. तोवर सगळ्यांनी जिना चढायचा. पहिल्या मजल्यावरून हे बोलायला काहीच त्रास होत नाही.

सभा माझ्यासमोरच्या जागेत भरली. ती जागा इतकी अरुंद आहे की निम्मे लोक जिन्यावर बसतात आणि समोरच्याला दिसतच नाहीत. म्हणून आमच्याकडे हात वर करायची पद्धत नाही. प्रश्न विचारला की ज्या घराचं उत्तर 'हो' असेल त्या घराने एकदा मोठ्याने 'आहे' म्हणायचं, आणि सेक्रेटरी बोटांवर मोजतात. मी दार उघडं टाकून उभी होते. मावशी माझ्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, आणि समोर नेहमीप्रमाणे ताईचं दार उघडं होतं.

सेक्रेटरींनी पहिला प्रश्न विचारला, दार अडण्याचा त्रास कुणाकुणाला आहे. अकरा वेळा 'आहे' झालं. दुसरा प्रश्न, गचक्याचा त्रास कुणाला. नऊ वेळा झालं. मावशी दोन्ही वेळा मनापासून 'आहे' म्हणाली. तिला वाटत होतं की आता दुरुस्ती होईल, आणि मग ताईला खुर्चीत बसवून एकदा तरी वर नेता येईल. सेक्रेटरींनी अकरात नऊ मिळवले. त्यांचा चेहरा उजळला. चोवीसपैकी वीस घरं म्हणजे सोळापेक्षा कितीतरी जास्त, तेव्हा लिफ्ट उद्यापासून बंद, असं त्यांनी सांगून टाकलं.

आपणच जोरजोरात 'आहे' म्हणून काय करून बसलो, हे मावशीला तेव्हा कळलं. वर्षभर ती पाचव्या मजल्यावर आणि ताई तळमजल्यावर. इमारत एक, नळाला पाणी येण्याची वेळ एक, आणि बहिणींची गाठ नाही. त्या वयात वर्षभर ही काही हक्काने धरून चालायची गोष्ट नसते. तिने माझी जाळी घट्ट धरली. मित्रांनो, मला माणसांची दया सहसा येत नाही. त्या दिवशी आली.

तेवढ्यात सरांनी घसा साफ केला. मला वाटलं, चला, क्लासचा काहीतरी उपयोग झाला. सर म्हणाले की अशी सरळ बेरीज चालत नाही. ज्यांना दोन्ही त्रास आहेत ती घरं तुम्ही दोनदा धरलीत. चोवीस दारांपैकी कुठलंही एक ठोठावलं तर तिथे त्रास असण्याची संभाव्यता वीस भागिले चोवीस नाही, त्याहून कमी आहे. इथवर सर बरोबर होते. मावशीने आशेने मान वर केली. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि स्वतःच्या तळहातावर गणित केलं. दाराचा त्रास चोवीसात अकरा, गचक्याचा चोवीसात नऊ. दोन्हींचा गुणाकार करून चोवीस घरांवर बसवला तर दोन्ही त्रासांची घरं आली साधारण चार. विसातून चार गेले, उरले सोळा.

सेक्रेटरींना बाकी काही समजलं नाही, सोळा तेवढं समजलं. दोन तृतीयांश बरोब्बर भरले होते. त्यांनी सरांची पाठ थोपटली, आणि सरांनीही ती थोपटून घेतली.

आता बघा, एवढी शिकलेली माणसं तिथे बसली होती, आणि त्यांच्यातल्या एकालाही साधा प्रश्न पडला नाही की ती चार घरं कुठली. चार घरं म्हणजे काही हवेत लोंबकळत नाहीत, त्यांना दारं असतात, दारांवर पाट्या असतात. पण गणित तळहातावर उतरलं की यांना समोरची माणसं दिसेनाशी होतात.

"सर," समोरच्या घरातून ताईचा आवाज आला, "चार म्हणालात ना? मला तर आठ ऐकू आले."

सगळे तिकडे वळले. पलंगावरची ताई फक्त मला दिसत होती. ती छताकडे बघत बोलत होती, आणि तिने बोटं दुमडून ठेवलेली होती.

सेक्रेटरी म्हणाले की ताई लिफ्ट वापरत नाहीत, तेव्हा त्यांनी यात पडू नये.

"म्हणूनच मी दोन्ही वेळा गप्प होते," ताई म्हणाली. "बोलणाऱ्यांचं सांगते. कवळी सैल झालेले काका दाराला बोलले, गचक्यालाही बोलले. सारखं नाक ओढणारी ती नवी सूनबाई दोन्हीला. दोघं भाऊ वेगवेगळ्या घरांत राहतात पण खाकरतात सारखे, ते दोघं दोन्हीला. आणि आमची चिमी. तिने तर दोन्ही वेळा असं ओरडून सांगितलं, जसं काही मी परगावी राहते."

जिन्यावर कुणीतरी हसलं. साठी उलटलेली मावशी चिमी आहे, हे बऱ्याच जणांना नव्यानेच कळत होतं. ताईने उरलेले तीन आवाजही सांगितले, कुणाचा घोगरा, कुणाचा घाईचा. सगळे मिळून आठ.

सर अडखळले. त्यांनी तळहाताकडे पाहिलं आणि म्हणाले की गुणाकाराचा नियम तर बरोबर आहे.

"असेल," ताई म्हणाली. "पण गुणायचं कशाला? माणसं इथेच बसलीत. विचारा की त्यांना."

मग सरांनी एक गोष्ट केली, ती मला त्यांच्याबद्दल वाईट बोलताना थोडी अडवते. ते उठून उभे राहिले आणि सेक्रेटरींच्या आधी स्वतःच म्हणाले, ज्यांनी दोन्ही वेळा 'आहे' म्हटलं त्यांनी पुन्हा एकदा म्हणा. आठ वेळा 'आहे' झालं. आठही घरं चौथ्या आणि पाचव्या मजल्यावरची निघाली. त्या दोन मजल्यांवर तेवढीच घरं आहेत.

"अकरा अधिक नऊ वजा आठ," सर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "बारा घरं. निम्मी. दोन तृतीयांश नाही. लिफ्ट दुरुस्त करावी लागेल."

मुलांनो, तुम्ही परीक्षेत नापास व्हा किंवा पहिले या, मला फरक पडत नाही. पण माझ्यात उभं राहून पाठांतर करता, म्हणून एवढं ऐकून ठेवा. अकरा आणि नऊ एवढंच माहीत असेल, तर त्रासाची घरं अकरापासून विसापर्यंत कितीही असू शकतात. नऊच्या नऊ घरं त्या अकरांतच असली तर अकरा. एकही घर दोन्हीकडे नसलं तर वीस. मधला तुकडा किती मोठा, ते त्या दोन आकड्यांतून कधीच कळत नाही. ते जाऊन बघावं लागतं. गुणाकार फक्त तेव्हा चालतो, जेव्हा एका गोष्टीचा दुसरीशी काही संबंध नसतो. नाणं टाकलं आणि फासा टाकला, तर नाण्याला फाशाची खबर नसते. पण माझं दार आणि माझा गचका एकाच कोरड्या रुळाची पोरं आहेत. पाचव्या मजल्यावर जो दारापाशी अडकतो, तोच गचकाही खातो. त्यांचा संबंध नाही असं समजून गुणाकार करणं म्हणजे सख्ख्या बहिणींना विचारणं, तुमची एकमेकींशी ओळख आहे का.

पुढे मिस्त्री आला. आठही घरं वरची, म्हणजे दोष वरच असणार, असं म्हणून त्याला टपावर चढायला भाग पाडलं ते सरांनी, स्वतः खाली उभं राहून. रुळांना शेंड्यापर्यंत तेल मिळालं. मी सरळ झाले. गचका गेला, दार न अडता सरकू लागलं. कुणी माझे आभार मानले नाहीत, आणि मीही वाट बघत बसले नव्हते. सेक्रेटरी अजून माझ्याकडे बघून नाक मुरडतात. मेहुण्याच्या काचेच्या लिफ्टमध्ये एकदा वीज जाऊन तो स्वतःच अडकला होता, हे ते कुणाला सांगत नाहीत. ते माझ्या दारासमोर उभं राहून फोनवर त्याची समजूत काढत होते, म्हणून मला माहीत आहे.

मग एका दुपारी मावशी नेहमीसारखी खाली आली, पण वेणी घालून झाल्यावर पत्ते काढले नाहीत. ताईच्या लेकाने आईला चाकांच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची माझ्यासमोर आणली. ताईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी ज्या नजरेने इतकी वर्षं माणसांकडे बघत आले, अगदी तीच नजर. मला ती बाई पहिल्यांदा आवडली.

"हाच का तो खटारा?" ती म्हणाली.

"हाच," मावशी म्हणाली. "पाय आत घे."

लेक जिन्याने वर गेला, कारण खुर्ची आणि दोन बहिणी यांच्यात मला तिसरं माणूस नको होतं आणि बहुधा त्यांनाही. मी दार लावलं. पहिला मजला गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. तिसऱ्याच्या वर मावशीने एका हाताने खुर्ची आणि दुसऱ्या हाताने ताईचा खांदा घट्ट धरला, आणि डोळे मिटून घेतले. गचका आला नाही. ताई म्हणाली, "चिमे, डोळे उघड, मी पडत नाहीये." पाचव्या मजल्यावर दार सरकलं, आणि ताईने धाकट्या बहिणीच्या घराचा उंबरा पाहिला. तिथे मावशीने आधीच पलंगावर नवी चादर घालून ठेवली होती, इतकी आधी की तिच्यावर मांजर झोपलेलं होतं. ताई त्यावरून बोलू लागली आणि बोलता बोलता तिला रडू आलं.

तेव्हा मित्रांनो, मला कुणी प्रेमाने पुसावं, माझ्यावर नावं कोरू नयेत, वगैरे मागण्या मी करणार नाही, कारण तुम्ही ऐकणार नाही. एवढंच सांगते. यंत्र असो, घर असो की आजारी माणूस असो, त्याच्याबद्दल काही ठरवायचं असेल तर आधी त्याच्यापर्यंत चढून जा, आणि कुणाला दोनदा मोजू नका. बाकी काय, बटण एकदाच दाबा. ताई आता आठवड्यातून एकदा वर जाते. खाली न्यायला मावशी मला बोलावते तेव्हा तीही ते सारखं सारखं टोचते. तिचं मात्र मी एकदाच धरते.